राखणदाराच्या वहाणा

तोरसें, पेडणे
१२ जानेवारी २०२४

सिद्धी,

वर चिरंजीव लिहिलेलं नाही. चिरंजीव राहायचं की नाही ते तुझं तू बघ, बंदूक तुझ्याकडे आहे.

तुझं पत्र पोचलं. पोस्टमन दारातूनच ओरडला, "शेवंतीआजी, सरकारी शिक्का आहे!" शेजारचा बाबली हातातली कोयती टाकून धावत आला. त्याला वाटलं, आणखी कोणाची तरी जमीन गेली. मी म्हटलं, जमीन नाही, नात गेली आहे, ती पण आपल्या पायांनी.

तुझ्याकडे फोनला रेंज नाही आणि माझ्या कानांना रेंज नाही. तेव्हा पत्रच बरं. चौथीपर्यंत शिकले ते फुकट गेलं नाही म्हणायचं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर हसू नको, तुझ्या बापाचं अजून चुकतं आणि तो ट्रकच्या मागे सुविचार रंगवून घेतो.

तू लिहितेस, तुझं काम गेटवर बायकांची झडती घ्यायचं. घे. कोणीतरी घ्यायलाच हवी. पण ती जी म्हातारी रोज भांडते, "काल बघितलंस, आज नवीन काय उगवलं माझ्या अंगावर?" असं विचारते, ती मला आवडली. तिचं नाव कळव. आणि मला सांग, हात लावायच्या आधी तू विचारतेस का? गाईचं दूध काढायला बसतानासुद्धा आधी पाठीवर थाप देतात गो.

घरी सगळे तुझ्या नोकरीचं कौतुक करतात. "देशाच्या सीमेवर उभी आहे!" शिवेवर उभं राहायचं काम काय तुझ्यापासून सुरू झालं? आपल्या गावच्या शिवेवर देवचार, आपला राखणदार, आहेच. शिगमा झाला की त्याला नव्या वहाणा ठेवायच्या, कारण वर्षभर शीव फिरून त्याच्या झिजतात. तुझा बाप म्हणतो उंदीर खातात. खाऊ देत. पण लहानपणी तुला सांगितलेलं विसरू नको. वाकडा माणूस आला तर राखणदार त्याला वेशीवरच थोपवतो आणि काजीच्या रानात कोण वाट चुकला तर त्याला हाताला धरून घरच्या वाटेवर आणून सोडतो. कुठल्या गावचा, कोणाचा, विचारत नाही. दोन्ही कामं त्याचीच, आणि पगार एकच, वहाणांचा जोड.

तुझ्या पायाचं माप कळव. का ते विचारू नको.

वेळेवर जेव. लोभ आहे, तो काय पत्रात लिहायची वस्तू नव्हे.

आजी


पोस्टवरून, कूचबिहारकडे
२८ जानेवारी २०२४

प्रिय आजी,

सरकार बूट देतं. चपला पाठवू नकोस, इथे घालायला मिळत नाहीत. तरी तू ऐकणार नाहीस म्हणून लिहिते: सहा नंबर, उजवा पाय थोडा मोठा.

तुला वाटतं तसं कुंपण म्हणजे सीमा नाही. खरी सीमा पुढे आहे, शेतात दगडी खांब आहेत त्यांच्या रेघेवर. कुंपण अलीकडे घातलंय. त्यामुळे मधल्या पट्ट्यात आपल्याच लोकांची शेतं राहिली. सकाळी गेट उघडलं की ते ओळखपत्र आमच्याकडे ठेवतात आणि पलीकडे जातात, संध्याकाळी येऊन ते परत घेतात. जाताना झडती, येताना झडती. इथून चोरटी औषधं जातात, तिथून सोनं येतं. माणसंही नेतात आजी, मुली नेतात. गेल्या महिन्यात आम्ही दोघींना परत आणलं. म्हणून झडतीचा मला कंटाळा येत नाही.

भांडणाऱ्या म्हातारीचं नाव खोदेजा. सगळे नानी म्हणतात. तिची मोहरी कुंपणापलीकडे आहे. तिची मुलगी फार पूर्वी, कुंपण नव्हतं तेव्हा, रेघेच्या पलीकडच्या गावात दिली. नानीच्या बांधावरून मुलीच्या घराचं पत्र्याचं छप्पर दिसतं. मुलगी झुडपावर लाल कपडा वाळत घालते. म्हणजे घरी सगळं ठीक. नानी मोहरी बघायला जाते की कपडा, ते मला माहीत आहे, पण मी विचारत नाही.

परवा मात्र गंमत झाली. वरून खबर होती की केसांत लपवून सोन्याचे तुकडे आणतात. झडतीची पत्र्याची खोली दुरुस्तीला काढलेली, मागे मोठी रांग, अंधार पडायला आलेला. मी नानीला तिथेच रांगेत थांबवून अंबाडा सोडायला लावला. काय निघालं असेल? लाकडी फणीचा एक तुटका दात! सगळी रांग हसली, शेतकरी हसले, आमचे जवान हसले. मला पण हसू आलं. आणि गंमत म्हणजे नानी पहिल्यांदाच भांडली नाही. काही न बोलता निघून गेली. सुधारली बहुतेक.

थंडी खूप आहे. तुझी सोलकढी आठवते.

तुझी सिद्धी


पोस्टवरून
२१ फेब्रुवारी २०२४

प्रिय आजी,

तुझं पत्र नाही. बरी आहेस ना? बाबांना पोस्टच्या फोनवरून लावला तर म्हणाले, आजी ठणठणीत आहे, कालच विजेच्या माणसाशी भांडली. मग मला का लिहीत नाहीस?

इथे एक विचित्र झालंय. त्या दिवसापासून नानी आलेली नाही. आणि ती ओळखपत्रही न घेताच गेली. ते आमच्या पेटीत पडून आहे. रोज पेटी उघडली की तिचा फोटो माझ्याकडे बघतो. पदर डोक्यावर अगदी कपाळापर्यंत.

तिची मोहरी पिकून वाळली. शेंगा तडकायला लागल्यात. झुडपावर लाल कपडा रोज असतो. काल दोन होते.

मी काही चुकले का, आजी?

सिद्धी


तोरसें
१ मार्च २०२४

सिद्धी,

चुकलीस.

पत्र लिहायला बसायचे आणि उठायचे. राग असला की माझं पेन कागद फाडतं. आता बसले आहे ती काजी भाजून, हात काळे करून, राग चुलीत घालून.

ही गोष्ट मी तुझ्या बापाला पण सांगितलेली नाही. त्याने विचारली नाही, मी सांगितली नाही.

माझं आजोळ सातार्ड्याचं, तुला ठाऊक आहे. आमच्या घरापासून पेडण्याचा बाजार लांब, सातार्डे जवळ. पण तेव्हा इथे पाखल्यांचं, म्हणजे पोर्तुगीजांचं राज्य आणि तिथे भारत. मधे नाका. मी पोलका-परकरातली. मामाच्या मुलाचं बारसं होतं म्हणून आई निघाली, मी तिच्या पदराला. टोपलीत नारळ, उंडे पाव आणि बाळाला शिवलेली कुंची. शिपायाने लोखंडी सळी टोपलीत खुपसून बघितलं. पावांना भोकं पडली. आई म्हणाली, "आता खातंय कोण हे? तू?" माझी आई अशी होती. मी कोणावर गेले ते कळलं ना?

मग तो शिपाई काहीतरी बोलला. नाक्यावर आपल्याच लोकांतला एक दुभाषा होता, तो म्हणाला, बाये, अंबाडा सोड, लोक घड्याळं लपवून नेतात. चार-पाच बाप्ये तिथे बाकावर बसून चहा पीत होते. आईने अंबाडा सोडला. अबोलीचा वळेसर होता, तो खाली मातीत पडला. निघालं काहीच नाही. ते हसले. मी लहान, मला वाटलं, हसले म्हणजे बरं झालं, मारलं तर नाही.

आई भांडली नाही. केस बांधले, टोपली उचलली आणि परत फिरली. माहेरच्या वाटेने नाही, घरच्या. बारसं राहिलं. त्यानंतर तो नाका तिने ओलांडला नाही. तिची आई आजारी पडली, सांगावे आले, गेली नाही. तिची आई गेली, तेव्हा पण गेली नाही. सगळ्यांनी नावं ठेवली, कसली गो ही लेक. तिने कोणाला कारण सांगितलं नाही. पाखले गेले तेव्हा ती माहेरी गेली. तिथे आई नव्हती, नुसतं घर होतं.

तू लिहितेस, नानी भांडली नाही, सुधारली बहुतेक. गप्प झालेल्या बाईला सुधारली म्हणतात होय? भांडते तोवर ती तुला माणूस समजत होती, म्हणून भांडत होती.

आता नीट वाच. झडती घेतलीस ही चूक नाही. मुली पळवतात त्यांना सोडू नको, सोनं असेल तर काढ, केसांत असेल तर केसांतून काढ. पण आडोशाला. आणि हसू नको. खोली दुरुस्तीला गेली तर गोणपाट गेला होता काय? चार काठ्या आणि दोन गोणपाटं, एवढं आपल्याकडे लग्नाच्या मांडवात आंघोळीला करतात.

तिचं ओळखपत्र तुझ्या पेटीत आहे. ती न्यायला येणार नाही. तू जा.

आजी

सोलकढी पत्रातून पाठवता येत नाही. आमसुलं पाठवली आहेत.


पोस्टवरून
१४ मार्च २०२४

प्रिय आजी,

तुझं पत्र मी दोनदा वाचून घडी करून ठेवलं आणि मग ड्युटीवर गेले. तुझ्या आईचं ते ऐकून काय लिहावं ते कळत नाही, म्हणून जे केलं ते लिहिते.

साहेबांना गोणपाटाचं विचारलं. म्हणाले, "इतके दिवस का नाही विचारलंस?" त्याच दुपारी उभं केलं. आत एक बाक ठेवला, म्हाताऱ्या बायकांना टेकायला. आता मी आधी विचारते, "हात लावू का?" पहिल्या दिवशी सगळ्या बायका माझ्याकडे बघत राहिल्या. एक म्हणाली, नाही म्हटलं तर? मी म्हटलं, तर पलीकडे जाता येणार नाही, पण हात लागणार नाही. ती म्हणाली, बरं, लाव.

मग ओळखपत्र घेऊन नानीकडे गेले. साहेबांना सांगून, पंचायतीच्या बाईंना बरोबर घेऊन. नानी खाटेवर होती. दम्याने छाती नुसती भात्यासारखी. डॉक्टर येऊन गेलेत, म्हणतात वय झालं. मी ओळखपत्र उशाशी ठेवलं आणि म्हटलं, नानी, त्या दिवशी मी चुकले. ती भिंतीकडे बघत राहिली. तशीच म्हणाली, "मोहरी?" मी सांगितलं, शेजाऱ्यांनी कापली. मग म्हणाली, "कपडा?" मी सांगितलं, रोज असतो. तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं.

तिला मुलीला बघायचंय, आजी. शेतापर्यंत जायची ताकद नाही. मुलगी पलीकडून शेतकऱ्यांना हाका मारून विचारते, आई का दिसत नाही. तिचं नाव शेफाली. मी साहेबांना विचारलं, शेफालीला येऊ देता येईल का? पासपोर्ट, व्हिसा, ते सगळं हवं. त्यांच्याकडे नाही, आणि तेवढा वेळ नानीकडे नाही. साहेब वाईट माणूस नाहीत. म्हणाले, एकच गोष्ट होते. इकडचं कोणी गेलं की आम्ही पलीकडच्या पोस्टला कळवतो, मृतदेह रेघेपर्यंत नेतो आणि तिकडचे नातेवाईक येऊन शेवटचं तोंड बघतात. हे दोन्हीकडचे मानतात.

मी "हो साहेब" म्हणून बाहेर आले.

आमसुलं मिळाली. अख्ख्या बराकीने चोखून संपवली.

सिद्धी


तोरसें
२३ मार्च २०२४

सिद्धी,

मेल्यावर तोंड दाखवणार. छान. मेलेली बाई काय बघणार? तिला सांग, आधी मर आणि मग अर्ज कर.

तुझ्या साहेबाला माझा नमस्कार सांग आणि विचार: मेलेल्या आईला रेघेपर्यंत नेता, त्यात देश बुडत नाही. जिवंत आईला त्याच खाटेवर, त्याच वाटेने, त्याच रेघेपर्यंत नेलं तर कसा बुडतो? ती पलीकडे जात नाही, मुलगी अलीकडे येत नाही. फक्त एक श्वास जास्त आहे. श्वासाला पण व्हिसा लागतो काय?

विचारताना रडू नको. रडणाऱ्या पोरीला साहेब लोक पाणी देतात, उत्तर देत नाहीत. तू तुझं अडवायचं काम चोख करतेस, म्हणून तुला विचारायचा हक्क आहे. तो वापर.

आणि लवकर. दमा माझ्या पत्राची वाट बघत नाही. हे पत्र पोचायच्या आधीच तू विचारलं असशील तर माझी नात, नसशील तर बापावर गेलीस.

इथे उद्या होळी. बाबली ढोल काढून बसला आहे, वाजवता येत नाही तरी.

आजी


पोस्टवरून
७ एप्रिल २०२४

प्रिय आजी,

मी तुझ्यावरच गेले. तुझं पत्र यायच्या आधीच विचारलं होतं, पण तुझ्यासारखं नाही, चाचरत. साहेब म्हणाले, बघू. मग तुझं पत्र आलं. मी ते श्वासाचं वाक्य तसंच्या तसं हिंदीत त्यांना सांगितलं. चहा थंड झाला त्यांचा. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर कळवलं आणि पलीकडच्या पोस्टला निरोप धाडला. वरून उत्तर यायला दिवस गेले. मी रोज नानीच्या घराकडे जाऊन यायचे, नुसती दारातून. आत खोकला ऐकू आला की परत फिरायचे. खोकला ऐकून बरं वाटतं असं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

परवानगी आली. एकदाच, थोड्याच वेळासाठी, दोन्हीकडच्या जवानांसमोर.

सकाळी चौघांनी खाट उचलली. गेटवर झडती माझी. नियम नियमच, आजी, खाटेवरच्या बाईलाही. गोणपाटाच्या आत खाट घेतली, पुरुषांना बाहेर काढलं. मी विचारलं, "नानी, हात लावू?" तिने माझ्याकडे बघितलं आणि अंबाडा स्वतःच सोडला. म्हणाली, "नीट बघ. नाहीतर उद्या म्हणशील, म्हातारीने सोनं नेलं. आणि फणीचा दात परत दिला नाहीस तू माझा!" आजी, ती भांडली! छातीत दम नाही आणि भांडली. मी केस, उशी, खाटेचा सुंभ, सगळं नीट बघितलं. मग तिचे केस बांधून दिले.

खांबापाशी पोचलो. रेघ दिसत नाही तिथे, नुसतं कापलेल्या मोहरीचं खोडकं. साहेबांनी खाट अशी ठेवली की नानीचं डोकं बरोबर रेघेपाशी आलं. पलीकडून शेफाली आली. ती पण आता पिकल्या केसांची आहे. धावत आली आणि रेघेजवळ येऊन थबकली, कोणी न सांगता. मग वाकली, आईचं तोंड दोन्ही हातांत घेतलं आणि पहिलं वाक्य काय बोलली असेल? "कोणी बांधलेत हे केस असे?"

मग तिने अंबाडा सोडला. पदरातून फणी काढली, तेल आणलं होतं बाटलीत. ती तिच्या देशात उभी राहून आमच्या देशातल्या आईचे केस विंचरत राहिली. दोघी काय बोलत होत्या ते मी ऐकलं नाही. पलीकडची एक महिला जवान होती, माझ्याच वयाची. ती पुढे झाली आणि पुरुषांकडे पाठ करून दोघींच्या आड उभी राहिली. मग मी पण गेले आणि तिच्या शेजारी उभी राहिले. आम्ही एकमेकींशी बोललो नाही. आम्हाला बोलायची परवानगी नव्हती.

वेळ संपला तेव्हा साहेबांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि बाही परत खाली ओढली. थोड्या वेळाने पुन्हा बघितलं.

नानी अजून आहे. शेफालीने घातलेला अंबाडा तिने सोडलेला नाही, कोणाला हात लावू देत नाही. साहेबांना मात्र वरून विचारणा झाली आहे की ठरल्यापेक्षा वेळ जास्त का लागला. त्यांनी लिहिलंय, केसांत गुंता होता. पुढे काय होईल माहीत नाही. दर वेळी असं होईल असंही नाही.

तुझ्या चपला अजून आल्या नाहीत. नको म्हटलं तेव्हा पाठवणार होतीस आणि आता वाट बघते तर येत नाहीत.

तुझी सिद्धी


तोरसें
१८ एप्रिल २०२४

सिद्धी,

तुला अंबाडा बांधता येत नाही हे इतके दिवस घरातच होतं. आता दोन देशांना कळलं. लाज आणलीस.

पत्र दोनदा वाचलं. मग तुझ्या बापाला दिलं. वाचून तो परसात गेला आणि बराच वेळ ट्रक धूत होता, ट्रक धुतलेलाच होता तरी. रात्री जेवताना त्याला माझ्या आईची, नाक्याची गोष्ट पण सांगितली. तो म्हणाला, आधी का नाही सांगितलीस? मी म्हटलं, आधी तिला शेवट नव्हता.

तुझ्या साहेबाला सांग, केसांत गुंता होता हे कुठल्याही बाईला पटेल. वर बाई बसली असेल तर तो वाचला. नानीला विचार, फणीचा दात तू परत दिलास का. दिला नसशील तर दे. तुटका असला तरी तिचा आहे.

वहाणांचं. तुझ्या नव्हत्याच त्या. तुला सरकार बूट देतं, मी काय तुला वहाणा पाठवायला येडी? शिगम्यात ऊन लागून बाबली अंथरूण धरून बसला, म्हणून राखणदाराकडे जायला उशीर झाला. रविवारी गेलो. रोट ठेवला, विडी ठेवली, बाबलीने गाऱ्हाणं घातलं: शिवेच्या म्हाराजा, आडवाटेला गेलेल्याला वाटेवर आण, वाकड्या पावलाला थोपव, लेकराबाळांना राख. आम्ही "व्हय म्हाराजा" म्हटलं. मग मी पिशवीतून जोड काढला.

बाबलीने तो उलटापालटा करून बघितला आणि म्हणाला, "शेवंतीकाकी, ह्यो ल्हान जातल्यो गो देवचाराक. दरवर्षी तू धा नंबर हाडटा."

मी म्हटलं, "यंदा सहा नंबर. उजवी जरा सैल करून घेतली आहे. ठेव गप."

आजी